मागे तलाव कशाला, समोर उजेड बघा

फोटो काढायला कुठे जाऊ या, असं ठाण्यात कुणालाही विचारा, उत्तरं ठरलेली: उपवन, येऊर, फार तर तलावपाळी. नवी मुंबईत विचाराल तर पाम बीच रोड, वाशीचं सागर विहार, खारघरचं सेंट्रल पार्क. जागा छानच आहेत, वाद नाही. पण तिथे काढलेले फोटो घरी येऊन मोठे करून बघा. मागचा तलाव झकास आलेला असतो आणि पुढे उभ्या असलेल्या मावशीच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, कपाळ चकाकणारं, नाकाखाली सावलीची मिशी. फोटो तलावाचा झाला, मावशी नुसती मध्ये आली.

माणसाचा फोटो म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर पडलेल्या उजेडाचा फोटो. तो उजेड कुठून येतोय, किती मोठ्या जागेतून येतोय आणि वाटेत कशाला लागून येतोय, एवढं बघायची सवय लागली की निम्मं काम झालं. मग जागा तुमच्या सोसायटीच्या पार्किंगची असली तरी चालते. उलट अनेकदा तीच बरी पडते. का, ते पुढे येईल. कॅमेरा कुठला घ्यावा हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला आहे. बाहेरच्या फोटोत त्याचा नंबर तिथेच लागतो.

ऊन कडक का दिसतं

सूर्य अवाढव्य आहे, पण इतका लांब की आभाळात तो जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. हात पूर्ण लांब करून करंगळी धरली तर तिच्या अर्ध्या रुंदीएवढा. (हा प्रयोग चंद्रावर करा, सूर्यावर नको. दोघं आभाळात साधारण सारख्याच आकाराचे दिसतात.) एवढ्याशा दिव्याचा उजेड एकाच दिशेने येतो, म्हणून नाकाची, भुवयांची, चष्म्याच्या दांडीची सावली धारदार कडेची पडते. तोच सूर्य ढगाआड गेला की उजेड ढगभर पसरतो आणि आख्खं आभाळच दिवा बनतं. आता उजेड सगळीकडून येतो, एका बाजूने पडलेली सावली दुसऱ्या बाजूचा उजेड भरून काढतो, आणि गालावर उजेडाकडून सावलीकडे जाताना रेघ उरत नाही. फोटोवाले हार्ड लाइट आणि सॉफ्ट लाइट म्हणतात, त्यातला फरक एवढाच: चेहऱ्याच्या मानाने दिवा लहान की मोठा. घरातला उघडा बल्ब आणि पांढऱ्या पडद्यातून आत येणारा उजेड आठवा, तेच.

दुसरी गोष्ट सूर्याच्या उंचीची. ठाणे उत्तरेला साधारण १९.२ अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर एकदा आणि जुलैच्या अखेरीला एकदा, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गोळा होते. आपली खरी दुपारही बाराला होत नाही. घड्याळ देशाच्या मधल्या रेखांशावर लावलेलं असल्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला साडेबारा वाजून जातात. अशा वेळी भुवयांचं हाड डोळ्यांवर छत्री धरतं आणि वर सांगितलेले खड्डे पडतात. याला कुठलाही महागडा कॅमेरा काही करू शकत नाही.

पण हे बारमाही खरं नाही, आणि इथेच बरेच सल्ले फसतात. २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. मे महिन्यात तो तेवढा वर सकाळी साडेनऊलाच चढलेला असतो. म्हणजे ‘दुपारी फोटो काढू नका’ हा नियम मे महिन्यात अगदी बरोबर आणि डिसेंबरमध्ये बराचसा सैल. थंडीतल्या अकराच्या उन्हात माणसाला जरा तिरकं उभं केलं तर चालून जातं.

‘गोल्डन अवर’बद्दलही असंच. सूर्यास्ताआधीचा तासभर सोनेरी उजेड मिळतो, असं परदेशी व्हिडिओंत सांगतात. तिकडे सूर्य क्षितिजाकडे तिरका घसरत जातो, आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली उतरतो. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये शेवटचे सहा अंश उतरायला लंडनमध्ये त्याला जवळपास ४० मिनिटं लागतात, ठाण्यात २५. म्हणून संध्याकाळी मुलीची साडी नेसून, गजरा माळून, रिक्षा मिळून सगळे पोहोचेपर्यंत सोनेरी उजेड संपलेला असतो. सूर्यास्ताची वेळ मोबाइलवर बघा आणि त्याच्या तासभर आधी जागेवर तयार उभे राहा. नोव्हेंबरअखेरीला ती वेळ सहाच्या सुमाराला असते, जूनअखेरीला सव्वासातनंतर. सव्वा तासाचा फरक आहे, अंदाजाने निघू नका.

ठाण्याला सकाळ, नवी मुंबईला संध्याकाळ

नकाशा डोळ्यांसमोर आणा. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला खाडी. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या नवी मुंबईत बरोबर उलटं: डोंगर पूर्वेला, खाडी पश्चिमेला. उपवन तलाव तर येऊरच्या पायथ्याशीच आहे, त्यामुळे तिथे सूर्यास्ताच्या छापील वेळेच्या बऱ्याच आधी सूर्य डोंगराआड जातो. संध्याकाळचं सोनेरी ऊन हवं म्हणून उपवनला जाणारे लोक हमखास निराश होतात. तेच ऊन वाशीच्या सागर विहारला खाडीच्या पाण्यावरून थेट चेहऱ्यावर येतं, शेवटच्या मिनिटापर्यंत. उलट सकाळचं कोवळं ऊन हवं असेल तर ठाणं बरं.

याचा अर्थ उपवनची संध्याकाळ वाया, असं नाही. सूर्य डोंगराआड गेला तरी आभाळ उजळ असतं. ती बराच वेळ टिकणारी, पसरलेली, सावली न पाडणारी वेळ असते, आणि मला स्वतःला ती सोनेरी उन्हापेक्षा जास्त आवडते. सोनेरी ऊन सगळ्यांना एकाच रंगात रंगवतं. पसरलेल्या उजेडात माणसाचा स्वतःचा रंग दिसतो.

सावलीची कड

आता पार्किंगकडे येतो. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींना खाली स्टिल्ट पार्किंग असतं: वर स्लॅब, खाली खांब, बाजू उघड्या. भर दुपारी माणसाचा फोटो काढायला यासारखी जागा नाही. मात्र आत खोलवर जायचं नाही. जिथे सावली संपते आणि ऊन सुरू होतं, त्या कडेच्या हातभर आत माणसाला उभं करायचं, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. तुम्ही बाहेर उन्हात, पाठ उजेडाकडे. सावली चेहऱ्यावर पडणार नाही इतपत बाजूला सरकून.

होतं काय की वरचा स्लॅब डोक्यावरून येणारा उजेड अडवतो, आणि समोरचं आख्खं आभाळ, समोरची पांढरी इमारत, उन्हात तापलेली फरशी हे सगळं मिळून एक प्रचंड मोठा दिवा होतो. उजेड समोरून आणि थोडा खालूनही येतो, डोळ्यांचे खड्डे उजेडाने भरून निघतात. फोटो काढण्याआधी त्या माणसाच्या बुबुळात बघा: उजेडाचा पांढरा ठिपका दिसतोय का? दिसत असेल तर डोळे जिवंत येतील. नसेल तर त्याला थोडं इकडे, थोडं तिकडे वळवा, ठिपका येईपर्यंत. मोठमोठे फोटोग्राफरही हेच करतात, फक्त त्याला कॅचलाइट म्हणतात.

जवळ माणूस नसेल तर स्वतःची मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि जागच्या जागी गोल फिरा. बोटांच्या पेरांवरच्या सावल्या ज्या दिशेला सर्वांत मऊ होतात, ती दिशा.

दुकानाचा छज्जा, देवळाचा सभामंडप, बंद दुकानाची खोल पायरी, शाळेचा व्हरांडा, सगळीकडे हेच गणित. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात बैठी घरं छोट्या छोट्या चौकांभोवती रचली. तसल्या अंगणात दुपारीही एका भिंतीवरून परतलेला उजेड समोरच्या सावलीत पोहोचतो. कुणाचं अंगण असेल तर विचारून, हे सांगायला नको.

सावलीत दोन चोर असतात. पहिला चोर रंगाचा. सावलीत थेट ऊन येत नाही, निळ्या आभाळाचा उजेड येतो, त्यामुळे चेहरा जरा निळसर, आजारी दिसू शकतो. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवण्याचं, ‘शेड’ नावाचं सेटिंग यासाठीच असतं. मोबाइल हे आपलं आपण बहुतेक वेळा सांभाळतो. पण जमिनीचा आणि भिंतीचा रंग तो सांभाळू शकत नाही. बागेत हिरवळीवर बसवलेल्या माणसाच्या हनुवटीखाली हिरवट झाक येते. लाल भिंतीशेजारी एक गाल लाल होतो. रंगीत छत्री धरली तर छत्रीचा रंग थेट तोंडावर. पांढरी किंवा फिक्या मातकट रंगाची भिंत समोर असली तर सर्वांत उत्तम.

दुसरा चोर झाडाखाली. येऊरच्या वाटेवर झाडीतून येणारे कवडसे डोळ्याला फार गोड दिसतात, पण चेहऱ्यावर एक कवडसा पडला की फोटो गेला. तो तुकडा पांढराफटक होतो, बाकीचं तोंड काळं पडतं. डोळा हा फरक सहज पचवतो, कॅमेरा पचवत नाही. झाडाखाली उभं करायचं तर पानं दाट असलेली जागा बघा, वडाखाली, आंब्याखाली. गुलमोहराखाली नको.

सूर्य पाठीशी घेतला तर

‘सूर्य आपल्या पाठीमागे ठेवून फोटो काढावा’ हे आपल्या वडिलांच्या पिढीने फिल्मच्या डबीवरून शिकलेलं. त्यात समोरचा माणूस उन्हाकडे बघून डोळे बारीक करतो, म्हणून जुन्या अल्बममधली सगळी माणसं वैतागलेली दिसतात. संध्याकाळी उलट करा: सूर्य त्या माणसाच्या पाठीमागे, थोडा बाजूला. केसांच्या कडेला उजेडाची रेघ येते, चेहरा सावलीत शांत राहतो.

पण इथे मोबाइल फसतो. कॅमेऱ्याला दृश्य काय आहे हे कळायच्या आधी त्यातला सरासरी उजेड कळतो, आणि ती सरासरी मध्यम राखाडी असावी असं तो धरून चालतो. मागे उजळ आभाळ आलं की तो सगळंच अंधारं करतो आणि माणूस काळा पुतळा होतो. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होईल. मग शेजारचं सूर्याचं चिन्ह वर सरकवून चेहरा हवा तितका उजळ करा. मागचं आभाळ पांढरं पडलं तर पडू द्या. कॅमेऱ्यात हेच काम एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने होतं, अधिक एकच्या आसपास. पांढरी साडी किंवा पांढरा झब्बा चौकटभर असेल तेव्हाही हेच: कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करायला बघतो, त्याला अडवायचं.

चेहऱ्यावर उजेड कमी पडत असेल तर स्टेशनरीच्या दुकानातून मोठा पांढरा कार्डशीट आणा आणि कुणाला तरी तो माणसाच्या छातीच्या उंचीवर, फ्रेमच्या बाहेर धरायला सांगा. पांढरी चादर, उघडलेलं वर्तमानपत्रही चालतं. बसलेल्या आजीच्या मांडीवर वर्तमानपत्र ठेवलं तर हनुवटीखालची काळोखी निघून जाते आणि आजीला हातांचं काय करायचं हेही कळतं. मोबाइलचा फ्लॅश मात्र भर दिवसा दोन पावलांपलीकडे काही कामाचा नाही.

आणि लेन्स पुसा. खरंच पुसा. आपल्या हवेत घामेजल्या बोटांचा तेलकट थर मोबाइलच्या लेन्सवर कायम असतो, आणि समोरून सूर्य आला की त्या थराचा पांढरा धूर सगळ्या फोटोवर पसरतो. एसी गाडीतून किंवा मॉलमधून बाहेर पडल्यावर लेन्सवर बाष्प धरतं, ते पुसून उपयोग नाही, काच हवेइतकी गरम होईपर्यंत थांबावं लागतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर लोक कॅमेरे कपाटात ठेवतात. माझ्या मते माणसांचे फोटो काढायला हेच आपल्याकडचे सर्वांत चांगले महिने. आभाळभर दिवा, भिंती धुतलेल्या, डांबर काळंभोर, झाडं गडद, आणि त्यात चेहरा उठून दिसतो. दोन गोष्टी सांभाळा. पांढरं आभाळ फ्रेममध्ये घेऊ नका, ते कोऱ्या कागदासारखं येतं, मागे भिंत किंवा झाडी घ्या. आणि ढगाळ उजेडही शेवटी वरूनच येतो, त्यामुळे खड्डे पूर्ण जात नाहीत, नुसते मऊ होतात. माणसाला छज्जाखाली कडेला घ्या, किंवा स्वतः एक पायरी वर चढून त्याला किंचित वर बघायला सांगा.

किती लांबून

मोबाइलवर काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं ही तक्रार सगळ्यांची. दोष लेन्सचा समजला जातो, तो असतो अंतराचा. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर अंतर धरू. मोबाइल नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान ५२ वर. म्हणजे नाक कानाच्या तुलनेत जवळजवळ तीस टक्के मोठं दिसणार, कान मागे पळालेले, कपाळ फुगलेलं. आता दोन मीटरवर जा: नाक २०० वर, कान २१२ वर. फरक सहा टक्के. आपण एकमेकांशी बोलताना, बघताना साधारण असेच दिसतो, म्हणून तो चेहरा ओळखीचा वाटतो.

तेव्हा दोन मीटर मागे जा आणि २एक्स किंवा ३एक्स झूम वापरा. मोबाइल जुना असेल आणि झूमने फोटो फुटत असेल तर झूम न करता मागूनच काढा आणि नंतर क्रॉप करा, चेहऱ्याचा आकार तोच राहतो. कॅमेरावाल्यांची ८५ मिलिमीटरची लेन्स पोर्ट्रेटसाठी नावाजली गेली त्याचं मोठं कारण हेच. ती लावली की चेहरा फ्रेममध्ये बसवायला आपोआप मागे जावं लागतं.

उंचीही बघा. कॅमेरा साधारण डोळ्यांच्या पातळीवर. लहान मुलांचे फोटो उभ्याने काढले की मोठं डोकं आणि इवलेसे पाय येतात, गुडघे टेकायचे. पँट खराब होते, धुता येते.

मागचं धूसर करण्याबद्दल थोडंच सांगतो, कारण त्याचं नको तितकं कौतुक झालंय. कॅमेऱ्यात ते लेन्सच्या तोंडाच्या रुंदीवर, तुमच्या अंतरावर आणि माणूस मागच्या गोष्टींपासून किती लांब आहे यावर ठरतं. स्वस्तातली ५० मिलिमीटर एफ/१.८ (म्हणजे तोंड बरंच रुंद उघडणारी) लेन्स साध्या डीएसएलआरवर, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यावर, लावून दोन मीटरवरून फोटो काढला तर जेमतेम ११ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. जवळच्या डोळ्यावर फोकस हवा, कानातल्यावर गेला तर डोळा गेला. मोबाइलचा सेन्सर छोटा, त्यामुळे तिथे धूसरपणा गणिताने रंगवलेला असतो. त्यात सुटे केस, चष्म्याची कड, झुमका, पारदर्शक पदर अर्धवट खाल्ले जातात. काढल्या काढल्या मोठं करून कडा तपासा. त्यापेक्षा माणसाला भिंतीपासून वीस पावलं पुढे आणणं फुकट आहे आणि कधी फसत नाही.

मागे काय आहे ते मात्र नक्की बघा. आपल्या शहरांत डोक्यातून विजेचा खांब उगवणं, मानेतून रेलिंग जाणं, खांद्यावर एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाचा फलक बसणं हे नेहमीचं. अर्धं पाऊल सरकलात तरी खांब डोक्यामागून निघून जातो. पाम बीच रोडच्या बाजूला उभं राहून ‘मागे फ्लेमिंगो आले पाहिजेत’ म्हणणाऱ्यांना काय सांगावं? दोन मीटरवरचा चेहरा आणि खाडीतला पक्षी एकाच फोटोत आले तर पक्षी म्हणजे गुलाबी ठिपके. पक्ष्यांचा फोटो वेगळा काढा.

काकूंची पंचाहत्तरी

एवढं सगळं जमलं तरी माणूस ‘सावधान’मध्ये उभा राहिला तर काय करायचं? शेजारच्या काकूंचा पंचाहत्तरीच्या आमंत्रणपत्रिकेसाठी फोटो हवा होता. त्यांना सोसायटीच्या बागेत, गुलाबाजवळ काढायचा होता. सकाळचे अकरा, एप्रिल. मी त्यांना पार्किंगच्या कडेला, दोन स्कूटरच्या मधल्या खांबाजवळ उभं केलं.

“इथे? मागे गाड्या नाही का येणार?”

“नाही येणार, काकू. तुम्ही फक्त त्या समोरच्या पिवळ्या बिल्डिंगकडे बघा.”

काकू ताठ झाल्या. हात शरीराला चिकटलेले, ओठ मिटलेले. चष्मा उन्हात काळा होणाऱ्या काचांचा, आणि फाटकापर्यंत जाऊन आल्याने पुरता काळा झालेला. या काचा सावलीतही आभाळातल्या अतिनील किरणांनी काळसर होतात, आणि पुन्हा स्वच्छ व्हायला काही मिनिटं जातात. म्हणून मी चष्मा सुनेकडे देऊन जिन्यात ठेवायला सांगितला आणि आधी नुसत्या गप्पा मारल्या. ‘हसा’ म्हटलं नाही. ‘हसा’ म्हटलं की माणूस दात दाखवतो, डोळे तसेच राहतात. मी विचारलं, “टँकर आला का आज?” आणि काकू सुटल्या. टँकरवाला, सेक्रेटरी, पाचव्या मजल्यावरची गळती, सगळ्यांचा उद्धार झाला. बोलताना डावा हात कमरेवर गेला, एक खांदा पुढे आला, मान जराशी तिरकी झाली, म्हणजे जे मी पंधरा सूचना देऊनही करवून घेऊ शकलो नसतो ते सगळं. मधे त्या थांबल्या, आपण काय बोलून गेलो हे आठवून स्वतःशीच हसल्या. फोटो तिथे असतो: वाक्य संपल्यानंतर, पुढचं सुरू होण्याआधी. तोंड चालू असताना काढलेल्या फोटोत ओठ वेडेवाकडे येतात. मग जिन्यातून चष्मा आणला आणि तो काळा पडायच्या आत, अर्ध्या मिनिटात, चष्म्याचेही काढून घेतले. काचेत आभाळ चमकत होतं तेव्हा दांड्या कानावर किंचित वर उचलायला सांगितल्या, काच खाली झुकली, चमक गेली.

सूचना द्यायच्याच तर करून दाखवा. ‘खांदा वळवा’ म्हटल्यावर माणूस गोंधळतो, तुम्ही वळलात की आरशासारखा वळतो. हातात काहीतरी द्या: छत्री, चहाचा कप, फुलांची पुडी. हनुवटी थोडी पुढे आणि किंचित खाली आणली की गळ्याची घडी जाते, हे सांगताना मात्र ‘घडी’ हा शब्द उच्चारू नका. मोजून ‘एक, दोन, तीन’ करू नका, तीनला सगळे गोठतात. घोळका असेल तर सगळ्यांना डोळे मिटायला सांगा आणि ‘उघडा’ म्हटल्यावर लगेच चार-पाच फोटो ओढा, मिटलेल्या डोळ्यांचा प्रश्न बराच कमी होतो. आणि घोळक्यात निम्मे उन्हात, निम्मे सावलीत असं कधीच नको.

अनोळखी माणसाचा फोटो विचारून काढा. भाजीवाल्या मावशींना विचारलं तर बहुतेक वेळा त्या होच म्हणतात, नाही म्हणाल्या तर विषय संपला. कुणाच्या मुलाचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाही. बागांमध्ये मोबाइल चालतो, पण मोठा कॅमेरा दिसला की पहारेकऱ्याची शिट्टी वाजते, आधीच विचारलेलं बरं. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे वनखात्याचे नियम पाळावे लागतात.

सावळा रंग सावळाच येऊ द्या

एक गोष्ट मला खटकते म्हणून लिहितो. बऱ्याच मोबाइलमध्ये ‘ब्यूटी’ नावाचं काहीतरी आधीच चालू असतं. ते त्वचा गुळगुळीत करतं आणि एक-दोन छटा उजळही करतं. सेटिंगमध्ये जाऊन ते शून्यावर आणा. फोटोच्या तंत्राचा हा जुना रोग आहे. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवून घ्यायला लॅबना नमुन्याचं कार्ड पाठवायची, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. ती बाई नीट छापली गेली की रंग बरोबर, बाकीच्यांचं काय होईल ते होवो. मोबाइल कंपन्यांनी याकडे उघडपणे लक्ष द्यायला फार उशीर केला. गुगलने ‘रिअल टोन’ आणलं ते २०२१ मध्ये, पिक्सेल ६ बरोबर.

सावळ्या चेहऱ्याला जास्त उजळ करायची गरज नसते, त्याला मोठा, बाजूने येणारा उजेड लागतो. गालाच्या हाडावर, कपाळावर जी चमक येते तीच त्या चेहऱ्याचा आकार दाखवते. पार्किंगच्या कडेला माणसाला उजेडाकडे तोंड करून उभं केलं होतं ना, त्याला आता थोडं, साधारण पाव वळसा, बाजूला वळवा. आपल्या हवेत घामाने मात्र चमक नको तिथे येते, टिश्यूने टिपायची, पुसायची नाही. एकाच घोळक्यात गोरे आणि सावळे दोघे असतील तर सावळ्यांना उजेडाच्या बाजूला घ्या.

मग कॅमेरा कुठला? जो आहे तो. गेल्या चार-पाच वर्षांतला बरा मोबाइल या लेखातलं जवळजवळ सगळं करू शकतो. पैसे खर्च करायचेच असतील तर जुनी डीएसएलआर आणि वर सांगितलेली ५० मिलिमीटरची लेन्स, सेकंडहँड. धावत्या मुलांसाठी शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून वेगवान ठेवा, मोठ्यांना दोनशेवा भाग पुरतो.

फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर नुसता पाठवला तर तो दाबून बारीक होतो. एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, विशेषतः समोरच्याला तो छापायचा असेल तर. काकूंच्या पत्रिकेवाल्याकडे पहिल्यांदा साधाच गेला होता. त्याने फोन करून ‘फोटो फुटतोय’ म्हणून पुन्हा मागवला.